पंगतीतला डावा हात

मी डावखुरी आहे. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या बोलीत सांगायचे तर 'डावरी'. केर काढताना, विहिरीचा दोर ओढताना, सुईत दोरा ओवताना, अबोलीचा वळेसर गुंफताना आपसूक पुढे होतो तो माझा डावा हात. मात्र मी लिहिते उजव्या हाताने आणि जेवते उजव्या हाताने. हे दोन अपवाद मी निवडलेले नाहीत. बालपणी शाळेने आणि घराने माझा हात आपसांत वाटून घेतला. लेखणी शाळेने नेली आणि घास घराने. आज वयाच्या बासष्टाव्या वर्षी मागे पाहताना मला असे दिसते की, शाळेने नेलेली लेखणी माझ्यानंतरच्या मुलांना बरीचशी परत मिळाली आहे, पण घास अजून परत मिळालेला नाही. त्याविषयी मला लिहायचे आहे.

१९६८ साली मी पहिलीत गेले तेव्हा हातात पाटी आणि दगडी पेन्सिल होती. पाटीवर डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचे काय होते, हे ज्याने अनुभवले नाही त्याला चटकन उमगत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात नेहमी कोऱ्या जागेवर टेकतो आणि डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकत जातो. 'कमळ' लिहून 'बदक' लिहायला घ्यावे तर तळहाताच्या कडेने 'कमळ' पुसले गेलेले असे. गुरुजींना दिसे ती पुसट पाटी आणि माझा पांढरा झालेला पंजा. त्यांनी तो निष्काळजीपणा मानला आणि पट्टीची कड माझ्या बोटांच्या पेरांवर उतरू लागली. शिरोरेघेचे दुखणे आणखी वेगळे होते. उजव्या हाताने ती रेघ ओढली जाते, डाव्या हाताने तीच रेघ ढकलावी लागते. आणि पुढे शाईच्या टाकाने लिहू लागल्यावर ढकललेले टोक कागदात रुतून शाईचे थेंब उडतात. सुलेखनासाठी बोरू आला तेव्हा त्याची कतही उजव्या हाताच्या कलाने तिरकी कापलेली होती. ती उलट कापून पाहावी, असे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही.

दुसरीच्या अखेरीस माझा हात 'वळला'. घरी सगळ्यांना आनंद झाला. माझे उजव्या हाताचे अक्षर पुढे चांगले झाले, इतके की गावातल्या सत्यनारायणाच्या आमंत्रणपत्रिका मीच लिहीत असे. डाव्या हाताचे अक्षर मात्र जिथे थांबवले गेले तिथेच थांबले. आजही मी डाव्या हातात पेन घेतले की कागदावर पहिलीतल्या मुलीचे अक्षर उमटते, तेच वाकडे काने आणि तीच 'ळ' ची फुगलेली पोटे. ते पाहिले की मला त्या मुलीविषयी अजून वाईट वाटते.

पुढे मीच शिक्षिका झाले आणि १९८४ पासून छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. जगात साधारण दहा माणसांमागे एक डावखुरा असतो, त्यामुळे तीस मुलांच्या वर्गात दोन-तीन तरी अशी मुले मला दरवर्षी भेटत. त्यांच्यासाठी करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत आणि एकीलाही पैसे लागत नाहीत, म्हणून त्या इथे नोंदवून ठेवते. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे त्याचे कोपर शेजारच्याच्या कोपरावर आदळत नाही. वही सरळ न ठेवता तिचा डावीकडचा वरचा कोपरा थोडा वर जाईल अशी तिरकी ठेवू द्यावी. पेन्सिल टोकापासून जरा दूर धरायला आणि हात ओळीच्या खाली ठेवून लिहायला शिकवावे. असे केले की मनगट आकड्यासारखे वाकत नाही आणि लिहिलेले अक्षर दिसत राहते. फळ्यावर अक्षर गिरवून दाखवताना मी एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हाताने गिरवत असे, आणि त्या निमित्ताने माझ्या डाव्या हातालाही खडूची ओळख राहिली. एखादे मूल ३ च्या जागी ६ आणि ६ च्या जागी ३ काढू लागले की पालक घाबरून हाताला दोष देत. लिहायला नुकतीच सुरुवात केलेली उजव्या हाताची मुलेही आकडे असेच उलटे काढतात आणि बहुतेकांचे ते आपोआप सुटते, हे मी दरवर्षी नव्या आईवडिलांना समजावत असे.

काळही बदलत गेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. त्याच्याही आधीपासून पालकांच्या तोंडी सचिन तेंडुलकरचे नाव येऊ लागले होते. फलंदाजी उजव्या हाताने करणारा सचिन सही डाव्या हाताने करतो, हे दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिलेले वडील आपणहून म्हणत, "बाई, लिहूंदे तेका डाव्या हातान." निवृत्त होईपर्यंतच्या माझ्या शेवटच्या दहा वर्षांत तरी मुलाचा लिहिता हात बदला, असे सांगायला एकही पालक आला नाही.

पण तेच पालक गावजेवणाला भेटले की त्याच मुलाच्या डाव्या मनगटावर हलकी चापट मारून त्याचा घास उजव्या हातात देताना मी पाहिले आहे. लेखणी आणि घास यांत आपण हा भेद का करतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या आईचा आग्रह मला आठवतो. "उजव्या हातान जेव गो," हे वाक्य मी दिवसातून दोनदा ऐकत असे. तिच्या मनात शौचाचा हात डावा आणि जेवणाचा उजवा ही वाटणी पक्की होती, आणि साबण घरात जपून वापरला जात असे त्या दिवसांत ती निरर्थक नव्हती. त्यामागे स्वच्छतेचा खरा विचार होता, म्हणून मी तिला अडाणी समजूत म्हणत नाही. परंतु त्या विचाराची मागणी एवढीच आहे की एक हात एका कामाला आणि दुसरा दुसऱ्या कामाला ठेवावा. डावखुऱ्या माणसाने ही वाटणी उलट केली तर स्वच्छतेत काही उणे होत नाही. उष्ट्या-खरकट्याचेही तसेच आहे. उजव्या हाताने जेवणारा आपल्या डाव्या, कोरड्या हाताने भाताचे पातेले पुढे सरकवतो. डाव्या हाताने जेवणाऱ्याचा उजवा हात तितकाच कोरडा असतो.

आईला दुसरीही एक भीती होती आणि ती अधिक खोल होती. मी मुलगी होते. "लोका काय म्हणतली?" या तिच्या प्रश्नातले लोक म्हणजे माझ्या होणाऱ्या सासरची माणसे होती. पंगतीत डाव्या हाताने वाढणारी सून पाहुण्यांना अपमानकारक वाटेल, देवाचा नैवेद्य तिच्या हातून कोणी स्वीकारणार नाही, हा घोर तिला मी सहा-सात वर्षांची असल्यापासून होता. मला पाहायला आले त्या दिवशी तिने मला सकाळपासून उजव्या हाताने चहाचे कप उचलून द्यायचा सराव करायला लावला. मी कप दिले, बशी थोडी खडखडली, आणि लग्न ठरले. सासरी पहिल्याच आठवड्यात मी नारळ खवायला डावा पाय विळीच्या पाटावर ठेवून बसले. सासूबाईंनी क्षणभर पाहिले आणि दुसरी कवड माझ्यापुढे ठेवली. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचे मोल मला आईच्या बोलण्याइतकेच आठवते.

विळीचा उल्लेख आलाच आहे तर सांगते, आपल्या घरातल्या साऱ्या हत्यारांत मला विळीसारखी समंजस दुसरी वस्तू दिसली नाही. तिचे पाते मधोमध उभे असते. तुम्ही उजवा पाय टाकून बसा किंवा डावा, ती विचारत नाही. कात्रीचे तसे नाही. कात्रीची दोन पाती एकमेकींना घासून गेली तरच कापड कापले जाते, आणि उजव्या हाताचा अंगठा व बोटे दाब देताना नकळत त्या पात्यांना जवळ आणतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती एकमेकींपासून दूर लोटतो, आणि कापड कापले जाण्याऐवजी दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसते. शिवणकामाच्या तासाला माझ्या कापडाच्या कडा का कुरतडल्यासारख्या होत, हे मला चाळिशीनंतर समजले. तोवर मी स्वतःला हाताने बेंगरूळ समजत होते. भातकापणीच्या विळ्याचेही दाते एकाच अंगाने पाडलेले असतात आणि ते उजव्या हाताला धरून. माहेरच्या लोहाराने माझी कापणी दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या अंगाने दाते पाडलेला विळा आणून दिला. मागितला नसताना मिळालेले माझ्या हाताचे ते पहिले हत्यार. त्याची मूठ दोनदा बदलली, पाते अजून तेच आहे.

भाषेकडे पाहिले तर घास का सुटत नाही हे थोडेसे कळते. एखाद्याला टाळून पुढे जाणे म्हणजे 'डावलणे', आणि सरस ठरणे म्हणजे 'उजवे' ठरणे. भेदभाव करणे म्हणजे 'डावेउजवे' करणे, आणि बाईला मूल झाले की तिची कूस 'उजवते'. आमच्या कोकणात तर देवही या बाजू पाळतो. ग्रामदैवताच्या मूर्तीला कळे म्हणजे फुलांच्या कळ्या-पाकळ्या चिकटवून कौल मागितला जातो तेव्हा उजवीकडचा कळा पडला की काम झाले, डावीकडचा पडला की थांबायचे. मंदिरात दहा-दहा माणसे श्वास रोखून उजव्या कळ्याकडे पाहत असताना मी लहानपणी पदराआड स्वतःचा डावा हात लपवल्याचे मला आठवते. जी बाजू देवाला नको तीच माझ्या अंगात जास्त आहे, असे मला तेव्हा वाटे. प्रदक्षिणेतही देव आपल्या उजव्या हाताला असतो; तीर्थ उजव्या तळव्यावर, दक्षिणा उजव्या हाताने. पंगत ही अर्धी देवाघरचीच गोष्ट आहे, चित्राहुती घालून आणि श्लोक म्हणून सुरू होणारी, आणि म्हणून पाटीवर जे सहज बदलले ते पानावर बदलत नसावे, असे मला वाटते.

त्याच परंपरेत उलट साक्षही आहे, ती मात्र आपण पाहत नाही. अर्जुनाला 'सव्यसाची' हे नाव डाव्या हातानेही बाण सोडता येई म्हणून मिळाले आणि ते गौरवाचे नाव आहे. देवघरात ज्या 'दक्षिणावर्ती' म्हणजे उजव्या शंखाला अमोल मानतात, तो प्राणिशास्त्राच्या मोजणीत डाव्या वळणाचा शंख आहे. शंखाचे टोक वर धरून पाहिले की नेहमीच्या शंखाचे तोंड उजवीकडे उघडते आणि या दुर्मिळ शंखाचे डावीकडे. आपण मात्र तो टोक खाली करून धरतो, म्हणून तो उजवा ठरतो. आणि घरोघरचा गणपती तर डाव्या सोंडेचा असतो. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे फार, म्हणून गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, पाट देतानाच डाव्या सोंडेची मूर्ती सांगून ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे.

पंगतीविषयी लिहिताना पालवणकर बाळू यांचे स्मरण मला टाळता येत नाही. कोकणातल्या पालवण गावावरून आडनाव आलेल्या घरातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. ज्या हाताच्या फिरकीवर संघ सामने जिंकत होता, त्याच माणसाला पुण्यात सहकाऱ्यांपासून वेगळे बसून जेवावे लागे आणि चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून मिळे. त्यामागचे कारण जात हे होते, हात नव्हे, आणि त्या अन्यायाशी माझ्या मनगटावरच्या चापटीची तुलना मी करणार नाही. पण मैदानाने ज्याला स्वीकारले त्याला पंगतीने स्वीकारायला किती उशीर लागतो, हे त्या कथेत मला स्पष्ट दिसते.

माझ्या भावाची नात सहा वर्षांची आहे आणि डावरी आहे. ती मुंबईच्या शाळेत डाव्या हाताने लिहिते आणि तिथे कोणी तिला अडवत नाही. गेल्या चतुर्थीला सगळे गावी जमले तेव्हा भाचेसूनेने मला बाजूला घेऊन विचारले, "आत्या, जेवणाची सवय तरी आत्ताच मोडायला हवी ना? तुमची मोडली होती, त्रास झाला का?" तिने इतक्या प्रांजळपणे विचारले होते की मी तिला सगळे सांगितले. हा हात सवयीने आलेला नाही, हेही सांगितले. पोटातले बाळ कोणत्या हाताचा अंगठा चोखते हे सोनोग्राफीत पाहून, त्याच मुलांना दहा-बारा वर्षांनी पुन्हा तपासले गेले आहे आणि बहुतेकांचा हात तोच निघाला आहे. एकाच जनुकाने ठरणारी ही गोष्ट नाही. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही एक डावे आणि एक उजवे असू शकते. त्रास झाला का, या तिच्या प्रश्नाला मात्र मला लगेच उत्तर देता आले नाही. मी तिला एवढेच सांगितले की, उजव्या हाताने पेडव्यांचे काटे काढायला मला वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत जमत नव्हते, आणि घरात कोणी नसले की माझी आजी मागच्या पडवीत मला डाव्या हाताने मासे खाऊ देई. "बेगीन खा, तुझी आवस येता," असे म्हणत ती दाराकडे तोंड करून बसे.

दुपारी आम्ही उकडीचे मोदक वळायला बसलो. माझ्या मोदकांच्या कळ्या इतरांच्या मोदकांच्या उलट दिशेला झुकतात, त्यामुळे मोदकपात्रातले माझे मोदक कोणीही ओळखते. नात बराच वेळ दोन्ही तऱ्हा पाहत होती. मग तिने पारी डाव्या हाताने दाबायला घेतली आणि तिच्या ओबडधोबड कळ्या माझ्या दिशेला झुकल्या. आरती झाल्यावर ती मखरासमोर उभी राहून आईला म्हणाली, "बाप्पाचा मोदक डाव्या हातात आहे आणि तो तिकडूनच खातोय." आम्ही सगळ्यांनी वर पाहिले. उजवा हात आशीर्वादाला उचललेला, डाव्या तळव्यावर मोदक, आणि त्याच मोदकापर्यंत वळून गेलेली सोंड. साठ वर्षे मी ही मूर्ती दरवर्षी पाहत आले आहे.

पंगत बसली तेव्हा भाचेसूनेने मुलीला ओळीच्या डाव्या टोकाला बसवले आणि तिच्या शेजारी मला. चटणी, कोशिंबीर, लिंबू पानाच्या डाव्या बाजूला. भाजी, उसळ उजव्या बाजूला. मुलीने डाव्या हाताने वरणभात कालवला. समोरच्या ओळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी नजर उचलली, पण माझ्या भावाने त्यांना विचारले, "वाईच तूप घालू?" आणि ते पानाकडे वळले. मग मीही डावा हात पानात घातला. पंचावन्न वर्षांनी चारचौघांत. पण भात बोटांत धरेना, अंगठ्याने घास पुढे लोटण्याची ती लकबच हाताला नव्हती, आणि दोन शिते पदरावर सांडली. तिसऱ्या घासाला मी मुकाट्याने उजव्या हातावर आले. मुलीने ते पाहिले आणि काही न बोलता जेवत राहिली.

पाचव्या दिवशी विसर्जन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने बंदरावरून पेडवे आणले. मागच्या पडवीत आम्ही दोघी ताटे घेऊन बसलो, दार उघडे होते. मी डाव्या हाताने पेडवा उचलला, अंगठ्याने पाठ दाबली, आणि मधला काटा एका ओढीत सबंध निघून आला.